खर्चाची वही

माझं अक्षर बरं. तेवढ्याच गुणावर २०१४ च्या विधानसभेला आमच्याकडच्या एका उमेदवारानं मला खर्चाची वही लिहायला बसवलं. कायद्यानं मर्यादा २८ लाखांची. चहा, वडापाव, खुर्ची, जीप, सगळ्याचे दर सरकारी कागदावर छापून आलेले. मी रोज रात्री ओळीनं लिहायचो : चहा १२० कप, जीप दोन. आणि खिडकीबाहेर मळ्यात तीन बोकडांचं मटण रटरटत असायचं. ते वहीत कुठंच नव्हतं. तपासणीला साहेब आले, बेरीज बघितली, सही केली. बेरीज बरोबरच होती की!

मटणाचे पैसे वाळूच्या ठेकेदाराचे. हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. पोटभर जेवून, सुपारी कातरत लोक तेच बोलत होते. उमेदवार निवडून आला. पुढच्या उन्हाळ्यात नदीत पोकलेन उतरलं. पात्र दोन पुरुष खाली गेलं आणि आमच्या विहिरीनं तळ दाखवला. तक्रारीचा अर्ज लिहायलाही मलाच बोलावलं. सह्या मात्र जमेनात. जो तो म्हणे, "त्याचं खाल्लंय बाबा, आता तोंड कसं उघडू?" तात्या तेवढे तडकले, "खाल्लं ते एका रातीचं. नदी काय त्याच्या बापाची हाय व्हय?" पण सही त्यांनीही केली नाही.

खाल्ल्या मिठाला जागावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं. ते खोटं म्हणवत नाही. पण देणाऱ्यानं ते आपल्याच नदीतून वसूल करायचं ठरवून दिलं असेल, तर ते मीठ नव्हे, उचल. ऊसतोडीला मुकादम देतो तशी.

शहरातली शिकलेली माणसं सुधारणांचं बोलतात. पक्षांना सरकारनं वस्तुरूपानं मदत द्यावी, असं इंद्रजित गुप्ता समितीनं १९९८ मध्येच सुचवलं होतं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं निवडणूक रोखे रद्द केले. पक्षाला पैसा कोण देतं हे मतदाराला कळलं पाहिजे म्हणाले. बरंच झालं. उमेदवाराची मर्यादा आता ४० लाख झालीय, पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादाच नाही, तीही यावी. पण देणाऱ्याचं नाव आमच्या गावाला कळलं होतंच की. नुसतं कळून भागलं नाही.

चार-पाच सह्यांचा तो अर्ज घेऊन मी कचेरीत गेलो. आमदारांचा ठेकेदाराशी संबंध आहे, असं त्यात लिहिलं होतं. कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, "कागद आहे का काही?"

मी अर्जाची घडी घालत उभा राहिलो.