एकतर्फी

ठाण्याच्या नौपाड्यात, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत एका वकीलबाईंचं ऑफिस होतं. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांच्या खात्यांतर्गत चौकशा त्यांच्याकडे यायच्या. फी कंपनी द्यायची, त्यामुळे निकाल आधीच ठरलाय असं मनाशी धरूनच कामगार त्यांचा जिना चढायचे.

एका हेल्परवर चोरीचा आरोप होता. रात्रपाळी सुटताना गेटवर झडती झाली आणि डब्याच्या पिशवीत तांब्याच्या तारेचं वेटोळं सापडलं. शिवाय वॉचमनला शिवीगाळ केली, हा दुसरा आरोप. निलंबन झालं. माणूस दिव्याला राहणारा. पहिल्या तारखेला आला, पुढच्या दोन तारखांना फिरकलाच नाही.

कंपनीचे अधिकारी म्हणाले, "मॅडम, आता एकतर्फी घेऊन टाका. साक्षीदार खाली गाडीत बसवून ठेवलेत."

बाईंनी विचारलं, "त्याचा निर्वाह भत्ता चालू आहे ना?"

"ते अकाउंट्सकडे अडकलंय."

"कधीपासून?"

"निलंबनापासूनच."

निलंबित कामगाराला पहिले 90 दिवस निम्मा पगार आणि त्याचा दोष नसताना चौकशी लांबली तर पुढे पाऊण पगार, असा कायदा आहे. पुष्कळांना तो फुकटचा पैसा वाटतो. पण त्याच पैशावर घरची चूल पेटते आणि माणूस तारखेला येऊ शकतो. भारत गोल्ड माइन्सच्या एका निलंबित सुरक्षा अधिकाऱ्याला हा भत्ता मिळाला नाही आणि पैशाअभावी त्याला केरळातून कोलारला चौकशीसाठी जाता आलं नाही. त्याच्यामागे उरकलेली ती एकतर्फी चौकशी सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये रद्द ठरवली.

बाईंनी रोजनाम्यात लिहिलं: आधी थकलेला भत्ता द्यावा, मग पुढची तारीख.

"मॅडम, फी आम्ही देतो," अधिकारी हळूच म्हणाले.

"हेही रोजनाम्यात घेऊ का?"

ते गप्प बसले. भत्ता जमा झाला. पुढच्या तारखेला हेल्पर आला, सोबत युनियनचे वकील. अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, की खात्यांतर्गत चौकशीत वकील कशाला? पण कंपनीची बाजू मांडणारे हे अधिकारी स्वतः एलएलबी होते. बाईंनी बॉम्बे पोर्ट ट्रस्टच्या कर्मचाऱ्याचा 1983 चा निवाडा काढला. मालकाच्या बाजूने कायदा शिकलेली माणसं उभी असताना कर्मचाऱ्याने मागूनही त्याला वकील नाकारणं न्यायाला धरून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे. वकील बसले.

बाईंनी इंग्रजी आरोपपत्र आधी मराठीत समजावून सांगितलं. मग वॉचमनची उलटतपासणी झाली. त्याचा जबाबही इंग्रजीत टाइप केलेला होता.

"सही तुमचीच?"

"हो."

"यात शिवीगाळ लिहिलीय. कोणती शिवी दिली?"

"शिवी नाही दिली साहेब. घाबरला होता तो. पाया पडत होता."

त्या एका उत्तरासाठी सगळा खटाटोप सार्थकी लागला, असं मी म्हणेन. चोराचं एवढं काय ऐकून घ्यायचं, असं विचारणारी भली माणसं मला भेटतात. तो चोर आहे की नाही हे कळायच्या आतच ती तसं विचारतात, याची मला फार काळजी वाटते.

पण तार त्याने घेतली होती. ती कापताना शेजारच्या मशिनवरच्या ऑपरेटरने पाहिलं होतं आणि उलटतपासणीत तो तसूभरही हलला नाही. बाईंनी निष्कर्ष लिहिला: चोरी सिद्ध, शिवीगाळ सिद्ध नाही. अहवालाची प्रत हेल्परला देऊन कंपनीने त्याचं म्हणणं मागवलं. त्यानंतर त्याची नोकरी गेली. युनियन ठाण्याच्या कामगार न्यायालयात जायला तयार होती. त्यानेच नको म्हटलं.

पुढच्या वर्षी त्याच कारखान्यात गेटवर मारामारी झाली आणि तिघांना आरोपपत्रं मिळाली. कंपनीने या वेळी चौकशीसाठी दुसरंच नाव काढलं. युनियनने लेखी हरकत घेतली आणि नौपाड्याच्या बाईंचं नाव सुचवलं.

अधिकारी चकित झाले. "अहो, त्यांनी तुमच्या माणसाला दोषी धरलं होतं!"

"धरलं," युनियनचे सेक्रेटरी म्हणाले. "आणि शिवीगाळीचा आरोप त्यांनीच खोडला. चौकशी त्यांच्याकडे द्या. आमची माणसं एकही तारीख चुकवणार नाहीत."