अनुपलब्धी आणि योग्यता

शोधूनही एखादी वस्तू सापडली नाही, तर ती नाही असे म्हणण्याचा अधिकार शोधणाऱ्याला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न भारतीय प्रमाणशास्त्रात, म्हणजे ज्ञानाची साधने कोणती आणि ती विश्वसनीय कशामुळे ठरतात याचा विचार करणाऱ्या शास्त्रात, अनेक शतके चर्चिला गेला आणि ईश्वराच्या अस्तित्वाविषयीच्या वादातले एक मोठे रण याच प्रश्नाभोवती माजले. हाच प्रश्न आज अगदी लहान आकारात, पण विलक्षण स्वच्छ रूपात, अशा एका ठिकाणी उभा राहतो की जिथे तत्त्वज्ञ सहसा फिरकत नाहीत. ते ठिकाण म्हणजे टेक या अक्षरजुळणीच्या संगणकप्रणालीत एखादे पूरक पॅकेज बसवण्याचे काम.

टेक ही प्रणाली स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणिती आणि संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांनी घडवली. १९७७ साली त्यांच्या बहुखंडी ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती निघत असताना आलेल्या मुद्रितांतील जुळणी त्यांना इतकी खटकली की त्यांनी जुळणीचे साधन स्वतःच तयार करायला घेतले. त्याचे पहिले रूप १९७८ मध्ये सिद्ध झाले आणि पुढे ते मुळापासून पुन्हा लिहिले गेले. १९९० मध्ये क्नूथ यांनी जाहीर केले की टेकमध्ये यापुढे नवी सोय घातली जाणार नाही, फक्त चुका दुरुस्त होतील, आणि प्रत्येक दुरुस्तीगणिक तिचा आवृत्तिक्रमांक पाय या गणिती स्थिरांकाच्या किमतीकडे एकेका अंकाने सरकत राहील. तो आता ३.१४१५९२६५३ असा आहे. मूळ गाभा असा गोठवल्यामुळे जे काही नवे हवे असेल ते बाहेरून जोडावे लागते. लेस्ली लॅमपोर्ट यांनी टेकवर चढवलेला लाटेक हा थर अशा जोडण्यांसाठी दार उघडून देतो आणि त्या दारातून आत येणाऱ्या फाइलींच्या संचाला पॅकेज म्हणतात. सीटॅन या सार्वजनिक भांडारात अशी सहा हजारांहून अधिक पॅकेजे आज उपलब्ध आहेत.

त्यांपैकी मायक्रोटाइप या पॅकेजचे उदाहरण घेता येईल. ओळीच्या शेवटी आलेले संयोगचिन्ह किंवा पूर्णविराम समासात किंचित बाहेर सरकवून ओळींची कड डोळ्याला सरळ दिसेल अशी व्यवस्था ते करते. लेखक आपल्या मजकुराच्या आरंभी हे पॅकेज वापरण्याची आज्ञा लिहितो, मजकूर टेकच्या हवाली करतो, आणि पॅकेज यंत्रावर बसवलेले नसेल तर पडद्यावर उत्तर येते की अमुक नावाची फाइल सापडली नाही. पुष्कळांच्या लक्षात येत नाही, पण हे उत्तर तिथेच संपत नाही. फाइलीचे दुसरे नाव सुचवा, अथवा काम थांबवा, अथवा तसेच पुढे जा, अशी विचारणा करून यंत्र वाट पाहत थांबते. म्हणजे आपला शोध सुधारता येण्याजोगा आहे हे ते त्याच दमात कबूल करते.

मग लेखक सीटॅनवरून पॅकेज आणतो आणि ते योग्य फोल्डरात नेऊन ठेवतो. टेकच्या जगात फाइली कुठे ठेवाव्यात याचा एक ठरलेला आराखडा आहे, आणि त्यानुसार स्थानिक जोडण्यांसाठी राखलेल्या फोल्डरवृक्षात मायक्रोटाइपच्या नावाचा फोल्डर करून फाइली तिथे ठेवल्या जातात. इतके सारे यथासांग केल्यावरही मजकूर पुन्हा टेककडे दिला की पुष्कळदा तेच उत्तर येते: फाइल सापडली नाही. लेखकाच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या खिडकीत ती फाइल लख्ख दिसत असते, तिचा आकार आणि तारीख वाचता येत असते, आणि यंत्र मात्र ती नसल्याचे सांगत असते.

याचे कारण शोधाच्या रचनेत आहे. हजारो फोल्डर प्रत्येक वेळी धुंडाळणे फार वेळखाऊ असल्याने मोठ्या फोल्डरवृक्षाच्या मुळाशी एलएस-आर नावाची एक साधी फाइल ठेवलेली असते आणि तीत त्या वृक्षातील सर्व फाइलींची यादी असते. केपाथसी हा टेकसाठी फाइली शोधणारा भाग ही यादी वाचतो. प्रणालीच्या मांडणीत ज्या वृक्षाच्या नावाआधी दोन उद्गारचिन्हे लिहिलेली असतात, त्याच्या बाबतीत तो फक्त यादीवर विसंबतो आणि प्रत्यक्ष डिस्ककडे पाहतही नाही. स्थानिक जोडण्यांचा वृक्ष टेक लाइव्ह या प्रचलित वितरणात नेमका अशा चिन्हांकित वृक्षांपैकी आहे. म्हणून फाइल ठेवल्यानंतर टेक्सहॅश ही आज्ञा देऊन यादी नव्याने लिहून घ्यावी लागते. तेवढे केले की फाइल जागची न हलता 'सापडते'.

नैयायिकांच्या परिभाषेत हा प्रसंग मांडला की त्यातली गुंतागुंत सुटी होते. न्याय-वैशेषिक दर्शनात अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानला आहे आणि कोणत्याही अभावाला दोन टोके असतात, असे हे दर्शन सांगते. ज्याचा अभाव सांगायचा ती वस्तू म्हणजे प्रतियोगी, आणि जिथे तो अभाव आहे ते अधिष्ठान म्हणजे अनुयोगी. 'जमिनीवर घडा नाही' या परंपरेतल्या उदाहरणात घडा हा प्रतियोगी आणि जमीन ही अनुयोगी होय. टेकच्या उत्तरात प्रतियोगी अगदी अचूक, शेवटच्या अक्षरापर्यंत दिलेला असतो, पण अनुयोगी मुळीच सांगितलेला नसतो. वाचणारा मग तो मनाने भरतो, आणि बहुधा 'या संगणकात कुठेही' असा भरतो. खरे पाहता यंत्राने यादीपुरता अभाव सांगितला होता आणि तेवढ्यापुरते त्याचे म्हणणे पूर्णपणे खरे होते. चूक शिरते ती यादीच्या जागी नकळत डिस्क ठेवली जाते तेव्हा. धर्मविषयक वादांत ही अदलाबदल सर्रास होते आणि ती क्वचितच कुणाच्या नजरेस येते, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

अभावाचे ज्ञान होते कसे, याविषयी मात्र दर्शनांत एकमत नाही. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट आणि त्यांचा भाट्ट संप्रदाय अनुपलब्धी, म्हणजे वस्तूचे ज्ञान न होणे, हे प्रत्यक्ष, अनुमान इत्यादींहून वेगळे असे सहावे प्रमाण मानतात. प्राभाकर मीमांसकांना हे मान्य नाही. रिकाम्या जमिनीचे ज्ञान हेच घडा नसल्याचे ज्ञान, त्यापलीकडे अभाव नावाची वेगळी वस्तू नाही, अशी त्यांची भूमिका आहे. नैयायिक अभाव खरा मानतात, पण तो प्रत्यक्षानेच कळतो आणि अनुपलब्धी ही त्या प्रत्यक्षाची केवळ सहकारी असते, असे म्हणतात. टेकबरोबर येणारी केपीएसईव्हिच ही छोटी आज्ञा फाइलीचा पत्ता विचारण्यासाठी असते आणि फाइल न सापडल्यास ती पडद्यावर काहीच छापत नाही. त्या कोऱ्या ओळीतून 'नाही' हे ज्ञान कोणत्या मार्गाने उपजले, हे ठरवताना तिन्ही पक्ष आजही परस्परांशी तितक्याच हिरिरीने भांडू शकतील.

एका अटीवर मात्र भाट्ट, नैयायिक आणि बौद्ध असे एरवीचे प्रतिस्पर्धी एकत्र येतात, आणि ती अट म्हणजे योग्यता. वस्तू असती तर ती नक्की दिसली असती, इतकी दिसण्याची सर्व सामग्री जमलेली असताना ती दिसली नाही, तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. अशा न दिसण्याला योग्यानुपलब्धी म्हणतात. अंधारात घडा दिसला नाही म्हणून तो नाही असे ठरत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्ती यांनी हा भेद सर्वांत कठोरपणे मांडला. देशाने, काळाने किंवा स्वभावाने जी वस्तू आपल्या इंद्रियांच्या आवाक्याबाहेर आहे तिच्या न दिसण्यातून फक्त संशय निष्पन्न होतो, अभावाचा निश्चय कधीच होत नाही, असे ते सांगतात आणि उदाहरणादाखल पिशाचाचा उल्लेख करतात. पिशाचावर त्यांचा विश्वास होता की नाही हा येथे मुद्दाच नाही. न दिसण्याच्या बळावर त्याला नाकारता येत नाही, एवढेच त्यांना म्हणायचे आहे.

या दृष्टीने पाहिल्यास पॅकेज बसवणे म्हणजे योग्यता संपादन करणे होय. फाइल डिस्कवर आणल्याने ती अस्तित्वात येते. यादीत तिचे नाव आल्याने ती शोधणाऱ्याला दिसण्याजोगी होते. ही दोन कामे वेगळी आहेत आणि टीएलएमजीआरसारखा व्यवस्थापक ती एका आज्ञेत उरकत असल्यामुळेच त्यांच्यातला फरक झाकला जातो. अनेक पॅकेजे तर डीटीएक्स या रूपात येतात, ज्यात संकेत आणि त्याचे विवरण एकाच फाइलीत सरमिसळ असते, आणि सोबतची आयएनएस फाइल चालवल्यावर विवरण गाळून वापराची फाइल वेगळी निघते. निघण्यापूर्वी ती फाइल होती काय, असे विचारले तर नैयायिक तिचा प्रागभाव, म्हणजे उत्पत्तीपूर्वीचा अभाव, सांगेल, आणि कार्य कारणात आधीपासूनच असते असे मानणारा सांख्य ती अव्यक्त रूपात होतीच असे म्हणेल. गाळण्याच्या या क्रियेत नवे अक्षर जवळजवळ काहीच घातले जात नसल्याने या एका प्रकरणात सांख्याचे पारडे जड आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे: सापडणे हेदेखील निर्णायक नसते. शोध ठरलेल्या क्रमाने चालतो, चालू फोल्डर सर्वांत आधी पाहिला जातो, आणि पहिली सापडलेली फाइल स्वीकारून शोध थांबतो. त्यामुळे कामाच्या फोल्डरात त्याच नावाची एखादी जुनी प्रत विसरून राहिली असेल तर नवी प्रत नीट बसवूनही तीच उचलली जाते. बाधक पुढे येईपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण असते या मीमांसकांच्या स्वतःप्रामाण्यवादाप्रमाणे यंत्र वागते. ज्याला हे पुरत नाही तो लेखक लाटेकच्या आज्ञेत पॅकेजची किमान तारीख नोंदवतो, आणि सापडलेली प्रत त्याहून जुनी असल्यास इशारा मिळतो. प्रामाण्य बाहेरून तपासून घ्यावे लागते या न्यायमताचे हे आचरण होय.

ईश्वराच्या प्रश्नाकडे वळताना हा सगळा पसारा हाताशी असणे उपयोगी ठरते. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेले नैयायिक उदयन यांनी न्यायकुसुमांजली या ग्रंथाच्या तिसऱ्या स्तबकात, म्हणजे प्रकरणात, नेमक्या याच आक्षेपाला उत्तर दिले आहे की ईश्वर कधी दिसत नाही, म्हणून तो नाही. जो प्रत्यक्षाला योग्यच नाही त्याची योग्यानुपलब्धी संभवत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. आणि केवळ न दिसण्यावरून नसणे मानणारा चार्वाक घराबाहेर पडला की बायकामुले दिसेनाशी झाल्याने त्याला शोकच करत बसावे लागेल, असेही ते सुनावतात. हा युक्तिवाद बिनतोड आहे, पण तो किती मिळवून देतो हेही नीट पाहिले पाहिजे. त्याने नकाराचे एक कारण निकालात निघते. होकारासाठी उदयनांना वेगळी अनुमाने रचावी लागली आणि त्यांनी ती रचली. अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाणाचा मान देणाऱ्या कुमारिलांनी तर जगाचा कर्ता ईश्वर मानलाच नाही, आणि त्यांचा हा नकार न दिसण्यावर उभा नसून कर्तृत्वाच्या कल्पनेतील विसंगतींवर उभा आहे.

खरा धोका योग्यतेच्या कल्पनेचा ढालीसारखा वापर होतो तिथे आहे. वेदान्तात ब्रह्मजिज्ञासेसाठी अधिकार सांगितला आहे, आणि विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण व मुमुक्षुत्व या साधनांनी तो प्राप्त होतो असे म्हटले आहे. अनुभव न आल्यास साधकाची तयारी कमी पडली असे यावरून म्हणता येते, आणि ते खोटेच असते असे नाही. परंतु प्रत्येक अपयशानंतर अधिकाराची नवी अट पुढे करण्याची मुभा असेल, तर कोणताही दावा कधीच खोटा ठरू शकणार नाही, आणि मग खऱ्या गुरूचा शब्द व भोंदूचा शब्द यांत निवड करायला साधकाच्या हाती काहीही उरणार नाही. टेकचा जाणकार 'यादी नव्याने लिहून घ्या' असे सांगतो तेव्हा तो योग्यतेची अट शोधाआधी सांगतो, ती पूर्ण झाली की नाही हे तपासण्याचा मार्ग देतो, आणि त्यानंतरही फाइल सापडली नाही तर आपले निदान चुकले असे मान्य करण्यास बांधील असतो. धार्मिक दाव्याकडून यंत्राइतक्या काटेकोरपणाची अपेक्षा धरता येणार नाही, कारण तिथे शोधणारा स्वतःच बदलत असतो. तरीही योग्यतेची अट आधी सांगितली की मागाहून जोडली, हा भेद तिथेही पूर्ण बळाने लागू होतो, आणि ज्या परंपरेने ती आधी, मोजक्या शब्दांत आणि सर्वांना सारखी सांगितली आहे तिचा दावा अधिक आदराने ऐकला पाहिजे.

क्नूथ स्वतः ल्यूथरपंथी ख्रिस्ती आहेत आणि १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे त्यांनी ईश्वर आणि संगणक या विषयावर व्याख्याने दिली. परंतु या संदर्भात त्यांचे १९९१ चे बायबलविषयक पुस्तक अधिक बोलके आहे. बायबलच्या प्रत्येक ग्रंथातील तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन घ्यायचे, असा नेम करून त्यांनी एकोणसाठ वचनांचा अभ्यास केला, त्यांवरील भाष्ये वाचली, स्वतः अनुवाद केले आणि हर्मान झाफ यांच्यासह जगभरच्या सुलेखनकारांकडून ती वचने लिहवून घेतली. कुठे पाहायचे हे वाचण्याआधीच ठरल्यामुळे मनाजोगती वचने वेचण्याची सोय उरली नाही. योहानाच्या शुभवर्तमानातील सुप्रसिद्ध वचन या नेमाने हाती लागले, आणि त्याच नेमाने नहेम्याच्या ग्रंथातील ते वचनही आले, ज्यात जेरुसलेमच्या तटाची डागडुजी कोणत्या अधिकाऱ्याने कुठवर केली एवढीच नोंद आहे. पुस्तकात त्यालाही इतर वचनांप्रमाणेच सुलेखन आणि विवेचन लाभले.