टाचेमागचा पट्टा

उंच टाचेच्या बुटांबद्दल लिहिणारे टाचेवरच थांबतात. मला तिच्या मागून जाणाऱ्या अरुंद पट्ट्याचं मोल अधिक वाटतं. स्लिंगबॅक बुटात बोटं सहसा झाकलेली असतात, मागची भिंत मात्र काढून तिथे हा पट्टा दिलेला असतो.

मागे काहीच नसलेला बूट घालून जिना चढून पाहा. तो निसटू नये म्हणून बोटं आपोआप आखडतात, पाऊल आखूड पडतं, लक्ष रस्त्यावरून पायाशी येतं. बंद बुटात ही धास्ती नाही, पण त्याची कड टाचेला चावते. पट्टा पाऊल धरून ठेवतो आणि टाच मोकळी सोडतो. लोकल पकडायला पुलावरून धावणारी मुंबईकरीण सँडल घेताना मागचा पट्टा आधी पाहते, ते उगाच नाही.

1957 साली पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर गॅब्रिएल शनेल यांनी रेमों मासारो या कारागिराकडून दुरंगी स्लिंगबॅक करून घेतला. बेज रंगामुळे पाय लांब दिसतो आणि काळ्या टोकामुळे पाऊल लहान, एवढंच त्याच्याबद्दल सांगितलं जातं. पण काळ्या टोकावर ओरखडे लपतात, टाच जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरची आहे आणि पट्ट्यातलं इलॅस्टिक पावलाबरोबर ताणलं जातं. टोकदार उंच टाचांची चलती असलेल्या त्या दशकात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईने चालणाऱ्या बाईचा विचार केला. शनेल यांच्या युद्धकाळातल्या जर्मन संबंधांवर पांघरूण घालायचं कारण नाही, पण ही जाण अस्सल होती. जो बूट घालून चालता येत नाही, त्याला मी सुंदर म्हणणार नाही.

अर्थात पट्ट्यालाही मर्यादा आहे. टाच वाढली की शरीराचा भार चवड्यावर येतो, आणि तो मागे ओढून घेणं पट्ट्याच्या हाती नसतं. म्हणून खरा प्रश्न उंच टाच घालण्याच्या सक्तीचा आहे. 2019 साली जपानमध्ये युमी इशिकावा यांनी नोकरीच्या ठिकाणी उंच टाचांची सक्ती थांबवावी, अशी मागणी हजारो सह्यांनिशी सरकारकडे केली. कामासाठी आवश्यक आणि समाजमान्य असेल तिथे ही अपेक्षा गैर नाही, अशा अर्थाचं उत्तर तिथल्या कामगारमंत्र्यांनी दिलं. ते पुरुष होते. दिवसभर त्या टाचांवर उभं राहणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय ‘आवश्यक’ काय ते कोणत्याही मंत्र्याने ठरवू नये.