दुसरी किल्ली नसलेलं धन

बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक खातेदाराची आणि एक बँकेची. सांगलीतल्या एका शाखेत मी बरीच वर्षं लॉकरचं काम पाहिलं. खातेदार गेला की नॉमिनी येई, साक्षीदारांसमोर लॉकर उघडे, आतल्या वस्तूंची यादी होई. आपण ज्याला ‘माझं’ म्हणतो त्यावर समाजाचाही एक हात असतो, ही माझी समजूत त्या कामातून पक्की झाली. निवृत्तीनंतर पुतण्याने बिटकॉइन या आभासी चलनासाठीचं त्याचं हार्डवेअर वॉलेट मला नीट समजावून सांगितलं, तेव्हा त्या समजुतीला पहिल्यांदा धक्का बसला. इथे दुसरी किल्लीच नाही. मग जे जगात फक्त मलाच उघडता येतं, ते इतर कोणत्याही धनापेक्षा जास्त माझं आहे का? आणि ते जिवापाड जपणं धर्माला धरून आहे का?

आधी ती वस्तू समजून घेऊ. पेनड्राइव्हएवढ्या त्या यंत्रात नाणी नसतात. कोणाकडे किती बिटकॉइन आहे, त्याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असते. यंत्रात असते ती फक्त गुप्त किल्ली, आणि ती यंत्राबाहेर कधीच येत नाही. व्यवहारावरची सही आत होते, बाहेर येते ती फक्त सही. यंत्र हरवलं तरी धन जात नाही, कारण सुरुवातीलाच ते २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून १२ किंवा २४ शब्द निवडून देतं. त्याच क्रमाने ते शब्द दुसऱ्या यंत्रात भरले की सगळं परत मिळतं. मात्र ते शब्द ज्याच्या हाती पडले, धन त्याचं. तिथे वारस दाखला चालत नाही आणि कोर्टाचा हुकूमही ते कुलूप उघडू शकत नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अपरिग्रह समजावताना विषयांचे पाच दोष सांगितले आहेत : मिळवण्याचा, राखण्याचा, नाशाचा, आसक्तीचा आणि हिंसेचा. राखणं हासुद्धा दोष! आमच्या अभ्यासवर्गात हे भाष्य मी अनेकदा वाचलं आहे, पण या यंत्रामुळे त्यातल्या ‘राखण्या’वर मन अडकलं.

कारण इथे राखणं हे मोठं व्रतच आहे. यंत्र थेट बनवणाऱ्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्यायचं. खोक्यात आधीच शब्द लिहिलेलं कार्ड निघालं तर ते यंत्र वापरायचंच नाही. शब्द आपल्यासमोर यंत्राच्याच पडद्यावर उमटले पाहिजेत. ते हाताने कागदावर लिहायचे, जमल्यास स्टीलच्या पट्टीवर कोरायचे. त्यांचा फोटो काढायचा नाही, ते मोबाइलमध्ये वा संगणकावर टाइप करायचे नाहीत. मदतीच्या नावाखाली कोणी ते मागितले, तर मागणारा चोरच समजायचा. पुतण्याने आधी थोडीशी रक्कम पाठवली, यंत्र मुद्दाम कोरं केलं, शब्दांवरून रक्कम परत आणली आणि मगच बाकीची ठेवली. सही करण्यापूर्वी पत्ता आणि रक्कम यंत्राच्या स्वतःच्या पडद्यावर वाचायची, हा त्याचा शेवटचा नियम. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या आभासी चलनांच्या एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं चलन चोरीला गेलं. सही करणाऱ्यांना संगणकावर नेहमीचाच व्यवहार दिसत होता. प्रत्यक्षात सही भलत्याच व्यवहारावर झाली. किल्ली शाबूत राहिली, अवधान सुटलं. जे वाचलं नाही त्यावर सही करायची नाही, याला मी सत्याचंच आचरण म्हणते.

आता नाशाचा दोष पाहा. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्स यांची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली आणि हजारो बिटकॉइनची किल्ली कचरा डेपोत गाडली गेली. स्टीफन थॉमस या प्रोग्रामरच्या ७,००२ बिटकॉइनची किल्ली एका कुलूपबंद ड्राइव्हमध्ये अडकली. पासवर्डचा कागद हरवला होता, संधी दहाच होत्या आणि २०२१ मध्ये त्याची कहाणी जगासमोर आली तेव्हा आठ वाया गेल्या होत्या. नोंदीत ते धन आजही त्यांचंच आहे. पण जे कोणाच्याच भुकेला, आजाराला, शिक्षणाला कामी येत नाही, त्याला त्यांचं तरी कसं म्हणावं?

कोणी म्हणेल, मग सोडून द्यावं, हाच अपरिग्रह. मला ते पटत नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. त्या त्यागाने ऋणको मोकळे झाले. हरवलेल्या किल्लीने कोणीही मोकळं होत नाही. बेपर्वाईला वैराग्याचं नाव देणं हे स्वतःशीच खोटं बोलणं आहे.

मला उत्तर सापडतं ते गांधीजींच्या विश्वस्तवृत्तीत. विश्वस्त मालकाहून अधिक काटेकोरपणे राखतो, कारण त्याला हिशेब द्यायचा असतो. दोष राखण्यात तेव्हा शिरतो, जेव्हा राखणं माझ्यापाशीच संपतं. चोरापासून लपवणं आणि वारसापासून लपवणं या दोन वेगळ्या कृती आहेत. पहिली कर्तव्य, दुसरी आसक्ती. म्हणून यंत्र एका जागी आणि शब्द दुसऱ्या जागी असावेत. मृत्युपत्रात अशी मालमत्ता आहे एवढंच लिहावं, शब्द कधीही लिहू नयेत, कारण मृत्युपत्र अनेकांच्या नजरेखालून जातं. काही यंत्रं किल्लीचे तीन हिस्से करून देतात आणि त्यांतले कोणतेही दोन पुरतात. एकट्या हिस्सेदाराला काही करता येत नाही आणि एक हिस्सा हरवला तरी धन बुडत नाही. विश्वासाची इतकी समंजस वाटणी मला फार आवडते.

पुतण्याला मी एकच गोष्ट करायला लावली. तो दुसऱ्या खोलीत बसला आणि त्याच्या बायकोने नव्या यंत्रावर, त्याला काहीही न विचारता, सगळं परत उभं केलं. तिला ते जमलं त्या दिवशी ते धन माझ्या दृष्टीने धर्माच्या कक्षेत आलं. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : ही तालीम घरच्यांकडून करून घ्या, आणि ती होत नाही तोवर त्या रकमेला आपली म्हणू नका.