शोक स्थायी, हर्ष संचारी

पिक्सारचा 'इनसाइड आउट' (२०१५) हा भावनांवरचा चित्रपट म्हणून ओळखला जातो. मला तो आधी बिऱ्हाड बदलण्यावरचा चित्रपट वाटतो, आणि नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला तो तसा वाटला नाही तरच नवल. अकरा वर्षांच्या रायलीला आईवडील मिनेसोटातून उचलून सॅन फ्रान्सिस्कोला आणतात. वडिलांचा नवा उद्योग तिथे उभा राहायचा आहे. सामानाचा ट्रक वेळेवर पोहोचत नाही, घर जुनाट निघते, पिझ्झ्यावर ब्रोकोली पसरलेली असते. (जपानी आवृत्तीत ब्रोकोलीच्या जागी ढोबळी मिरची आली, कारण तिथल्या मुलांना ब्रोकोलीचा राग नाही. आपल्याकडे बहुधा दुधी चालला असता.) या सगळ्या काळात रायलीच्या डोक्यातल्या नियंत्रणकक्षात जॉय, सॅडनेस, अँगर, फिअर आणि डिसगस्ट अशा पाच भावना बसलेल्या असतात आणि सूत्रे जॉयच्या हातात असतात. नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी जॉय खडूने जमिनीवर एक वर्तुळ आखते, सॅडनेसला त्यात उभी करते आणि बाहेर पाऊल टाकायचे नाही असे बजावते.

ते वर्तुळ मी नवी मुंबईतल्या अनेक घरांत पाहिले आहे. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नगरे आखली गेली. १९७३ मध्ये खाडीपूल झाला, १९९२ मध्ये लोकल वाशीला पोहोचली. घाऊक बाजार मुंबईतून इकडे हलला तसे साताऱ्या-सांगलीकडचे माथाडीही त्याच्यामागे आले. गिरगावच्या चाळीतून, चेंबूर-घाटकोपरच्या एका खोलीतून, थेट केरळातून माणसे आली. इथल्या चाळिशीपुढच्या कुठल्याही शहरी माणसाला 'मूळचे कुठले?' हा प्रश्न विचारता येतो आणि त्याला उत्तर असते. पण या स्थलांतराची गोष्ट एकाच सुरात सांगितली जाते: वन रूम किचनमधून टू बीएचके, रुंद रस्ते, मोकळी हवा, वास्तुशांतीचे फोटो. आठ-दहा वर्षांच्या मुलाचे गॅलरीतले सवंगडी, सामायिक नळ, समोरच्या काकूंचे उघडे दार यांचे काय झाले, हे त्या गोष्टीत येत नाही. आले तर 'रमला हो तोही लगेच' या एका वाक्यात.

चित्रपटातली रायलीची आई दुष्ट नाही. ती रात्री मुलीच्या उशाशी बसते, बाबांवर फार ताण आहे असे सांगते आणि तू एवढ्या गडबडीतही हसरी राहिलीस म्हणून कौतुक करते. मायेने केलेल्या या कौतुकातच बंदी असते. मुलगी त्यानंतर रडायची कशी?

इथे मला भरतमुनी आठवतात, आणि निव्वळ 'आपल्याकडे हे सगळे आधीच होते' अशा थाटात नव्हे. त्यांचे नाट्यशास्त्र रंगभूमीसाठी आहे, मानसोपचारासाठी नाही. तरीही त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. रति, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय हे आठ स्थायी भाव. पिक्सारच्या पाचांपैकी चार, म्हणजे शोक, क्रोध, भय आणि जुगुप्सा, या यादीत सरळ सापडतात. जॉय मात्र नाही. हास आहे, पण हास म्हणजे हसू येणे. हर्ष सापडतो तो तेहेतीस संचारी भावांत, येऊन-जाऊन असणाऱ्यांत. नियंत्रणकक्षाची मालकीण भरताच्या हिशेबात पाहुणी ठरते, आणि जिला खडूच्या रिंगणात उभे केले ती घरची. त्याच तेहेतिसांत अवहित्था नावाचा एक भाव आहे: मनातले लपवणे, चेहऱ्यावर दुसरेच आणणे. लपवण्यालाही भरताने एक भाव मानले, हे मला फार सूक्ष्म वाटते. रायली आईपुढे हसते तेव्हा सूत्रे जॉयच्या हाती असतात असे चित्रपट म्हणतो. मी म्हणेन, तिथे अवहित्था बसली आहे.

दुसरा भाग २०२४ मध्ये आला आणि जगभर १६० कोटी डॉलर्सहून अधिक कमाई करून गेला. त्यात रायली तेरा वर्षांची होते आणि डोक्यात नवी मंडळी शिरतात: चिंता, असूया, लाज, कंटाळा, आणि दारातून डोकावून परत पाठवली जाणारी गतकाळाची आठवण. चिंता, असूया, व्रीडा, आलस्य, स्मृती ही सगळी संचारी भावांची नावे आहेत. पहिला भाग बहुतांशी स्थायींचा, दुसरा संचारींचा, अशी वाटणी कॅलिफोर्नियात बसून कुणी हेतुपुरस्सर केली असेल असे मी मानत नाही. पौगंडावस्थेत येणाऱ्या भावना मुख्यतः इतरांच्या नजरेतून जन्मतात, एवढे चित्रपटाला दिसले. वाशी-खारघरच्या 'इंटिग्रेटेड' कॉलेजांत अकरावीपासून जेईई-नीटच्या चाचण्यांचे क्रम भिंतीवर लागतात, तिथे चिंतेला वेगळे आमंत्रण लागत नाही. दुसरा भाग मला त्यामुळे ओळखीचा वाटला, पण पहिल्याइतका धाडसी नाही. चिंता वाईट आहे हे सगळ्यांना मान्यच असते. दुःख चांगले आहे हे पटवणे अवघड.

आणि ते निर्मात्यांनाही सहज सुचलेले नव्हते. दिग्दर्शक पीट डॉक्टर यांच्या आधीच्या कथेत जॉयबरोबर प्रवासाला निघत होती भीती. काही वर्षे काम झाल्यावर कथा हलेना, तेव्हा भीतीच्या जागी सॅडनेस आली आणि चित्रपट उभा राहिला. त्याचे सार एका प्रसंगात आहे. रायलीचा लहानपणचा काल्पनिक सवंगडी बिंग बाँग याची गाडी विस्मरणाच्या दरीत फेकली जाते. जॉय त्याला गुदगुल्या करते, खेळ सुचवते. तो जागचा हलत नाही. सॅडनेस शेजारी बसते आणि तुझे आवडते हिरावले गेले, असे म्हणते. तो मिठाईचे अश्रू रडतो, आणि उठून चालू लागतो.

आपण हे विसरलो आहोत, असे म्हणताना मला संतांकडे बोट दाखवता येत नाही. षड्रिपूंच्या यादीत काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर आहेत, शोक नाही. दुःखाला शत्रू ठरवण्याचे काम अलीकडच्या घरांनी केले. 'श्यामची आई' वाचून पिढ्यान् पिढ्या रडल्या, आणि शिकल्यासवरल्या वर्गाने पुढे त्याच पुस्तकाला 'रडके' म्हणून हिणवले. 'मुळूमुळू रडू नकोस' हे मुलाला, त्यातून मुलग्याला, सांगताना आपण नेमके कुणाला गप्प करतो?

चित्रपटाशी माझे भांडण दुसऱ्याच ठिकाणी आहे. त्याला रागावर विश्वास नाही. जॉय आणि सॅडनेस कक्षाबाहेर हरवल्यावर अँगर सूत्रे घेतो, रायली आईचे कार्ड चोरते आणि मिनेसोटाची बस पकडते. राग म्हणजे जागा चुकलेले दुःख, असे ते गणित. मध्यमवर्गीय मुलीपुरते ते बरोबर असेल. पण नवी मुंबईत स्थलांतराची आणखी एक जात आहे: माणसे जागीच राहिली आणि त्यांच्या पायाखालची जागा बदलली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंडाची मागणी मान्य करून घेता आली. आगरी-कोळी गावांनी सरकारपुढे नुसते दुःख व्यक्त केले असते तर त्याची नोंद कुठल्या वहीत झाली असती? त्यांचा राग हे शोकाचे विकृत रूप नव्हते. तो हिशेब होता, आणि तो बरोबर होता.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. त्यासाठी दहा गावे उठली, उलव्याचा डोंगर सुरुंगांनी फोडून सपाट केला गेला, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. रायलीला मिनेसोटाची बस तरी मिळाली. या गावांतल्या मुलांना परत जायला जमीनच उरलेली नाही. दुःखाला डोक्यातल्या पाच पात्रांत वाटले की बाहेर निर्णय कुणी घेतला हा प्रश्न आपोआप मागे पडतो. रायलीच्या वडिलांच्या उद्योगाला गुंतवणूकदार मिळाला की नाही यावर सगळे कुटुंब हलते, पण ते दोन-चार वाक्यांत उरकले जाते.

म्हणून चित्रपटाचा धडा जसाच्या तसा शाळेत नेला तर तो अर्धाच पोहोचेल, अशी मला शंका आहे. महाराष्ट्राच्या शाळांत २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आहे. हेतू चांगला आहे: ताण कमी व्हावा, श्वसनाचे व्यायाम व्हावेत, मुलांनी मोकळे बोलावे. पण नावात पुन्हा जॉयच बसली आहे, आणि नाव पाहून शिक्षक हसरेच काहीतरी घडवायच्या मागे लागण्याची भीती आहे. नवी मुंबईतल्या शाळांना याहून साधे काही करता येईल. प्रवेश-अर्जात आधीच्या शाळेचे नाव लिहायचा रकाना असतो. तो दाखल्यासाठी वाचला जातो आणि फाइलमध्ये जातो. वर्गशिक्षकांनी पहिल्या महिन्यात एखाद्या शनिवारी तो रकाना उघडून मुलाला तिथे काय काय होते ते विचारावे. करंजाडे-वडघरकडे वसवलेल्या गावांतल्या मुलाला जुन्या गावाविषयी विचारावे, आणि ते गाव का उठले हेही त्याच्याशी बोलावे. उत्तर देताना मूल रडले तर 'अरे, इथेही मोठे मैदान आहे की' असे त्याला लगेच सांगू नये.