सोन-कुलच्या काठावर, कॅमेरा उघडण्याआधी

पाठीवरची सॅक उतरवा. कॅमेरा अजून आतच राहू दे. किर्गिझस्तानातलं हे सोन-कुल सरोवर ३०१६ मीटर उंचीवर आहे, चार पावलं चढलात तरी धाप लागते. श्वास खाली बसेपर्यंत नुसते उभे राहा. कुठे पोचायचं नाही.

आता नजर सावकाश फिरवा. झाड एकही नाही. गवत, पाणी, पलीकडे डोंगर, आणि मध्ये नमद्याचे पांढरे गोल तंबू. त्यांना यर्ट म्हणतात. हात कॅमेऱ्याकडे वळतोय? वळू दे, फक्त तो वळतोय हे लक्षात येऊ द्या. अनोळखी देशात पहिले काही दिवस सगळंच टिपावंसं वाटतं: मिनीबसची तडकलेली काच, म्हाताऱ्यांच्या उंच पांढऱ्या टोप्या, बाजारातले नक्षीदार नान. ते फोटो त्या देशाचे कमी आणि आपल्या नवलाईचे जास्त असतात. नवलाईही खरीच, तिला हिणवू नये. पण जो आठवडेच्या आठवडे पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालतो, त्याला तिच्या पलीकडचं पाहायची सवड असते. ती सवड वाया जाऊ नये, असं मला फार वाटतं.

बूट काढा, वाकून यर्टमध्ये या, बसा. चुलीत वाळलेलं शेण जळतंय, कारण लाकूड इथे नाहीच. गोवऱ्यांचा धूर ओळखणाऱ्याला हा वास परका वाटणार नाही. वर पाहा. छताच्या मधोमध एक गोल, त्यावर आडव्या-उभ्या वाकवलेल्या काठ्या. हा तुंदुक. देशाच्या लाल झेंड्यावरच्या सूर्यातही हाच आहे. इथला बराचसा उजेड तिथूनच उतरतो, आणि दिवसभर भिंतीवरून सरकत राहतो. त्या उजेडाच्या तुकड्यावर लक्ष ठेवा. तो चहाच्या वाटीवर येईल, मग गालिच्यावर, मग कदाचित कुणाच्या चेहऱ्यावर. त्याच्या मागे धावू नका. वाटी अर्धीच भरलेली आहे, ती पुन्हा पुन्हा भरली जाईल. वेळ आहे.

बाहेर घोडीचं दूध काढतायत. घोडी फार दूध साठवून ठेवत नाही, म्हणून दिवसातून अनेकदा काढावं लागतं. त्याचंच आंबवून कुमिस होतं. पहिल्या खेपेला जाऊन नुसतं पाहा. बाई एक गुडघा टेकून बसली आहे, बादली मांडीवर. पुढच्या खेपेला शिंगरू दिसेल: आधी त्याला आचळाशी लावतात, पान्हा सुटला की बाजूला ओढतात, पण आईच्या नजरेसमोरच ठेवतात. त्याच्या पुढच्या खेपेला, ते शिंगरू धरून उभं असलेलं पोर दिसेल. हे पोर मघाशीही तिथेच होतं.

आता कॅमेरा काढा. डोळ्याला लावण्याआधी तो बाईला दाखवा आणि थांबा. तिने मान हलवून नको म्हटलं, तर तो खाली ठेवा आणि पाहणं चालू ठेवा. हो म्हटलं, तर दोन पावलं मागे सरका. घोडी, बाई, शिंगरू, पोर, चौघंही चौकटीत येऊ देत.

रात्री बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा. इथे ऐन उन्हाळ्यातही बर्फ पडू शकतं आणि थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. स्क्रीनवर आजचे फोटो पाहू नका. डोळे मिटा आणि जे टिपलं नाही ते आठवा: बादलीतल्या धारेचा बदलत जाणारा आवाज, घोडीच्या कानाची हालचाल. ज्याची आठवण अंधुक असेल, तिथे उद्या पुन्हा जाऊन बसा.

निघताना त्या कुटुंबाच्या खालच्या गावाचं नाव त्यांच्याच हाताने वहीत लिहून घ्या. सप्टेंबरात ही वस्ती उठते, कळप घेऊन सगळे खाली उतरतात. कोचकोर गावात ज्यांनी तुमची यर्टची सोय करून दिली, त्यांच्यामार्फत फोटो पाठवता येतो. फोनवर नको, कागदावर छापून. आणि मोठा छापा, शिंगरू धरणाऱ्या पोराचा चेहरा त्याला स्वतःला ओळखता येईल एवढा.