ज्ञानेश्वरी हाताशी नसती तर

गारो भाषेचं एक व्याकरण १९६१ साली पुण्यातून, डेक्कन कॉलेजातून प्रसिद्ध झालं. लेखक रॉबिन्स बर्लिंग हे अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ. १९५४ ते १९५६ या काळात ते गारो टेकड्यांत राहिले. मेघालय तेव्हा राज्य नव्हतं, हा मुलूख आसामात होता. बर्लिंग गेले होते गारोंचं कुटुंब आणि नातेसंबंध समजून घ्यायला. तिथं वंश आईकडून चालतो. पण भाषा आल्याशिवाय कोण कुणाचं काय लागतं हे कळणार कसं? म्हणून भाषा शिकले, आणि मग भाषेनं त्यांना सोडलंच नाही. मूळ बोडो ध्वनिव्यवस्थेवरचा त्यांचा लेख १९५९चा, लोलो-बर्मी शाखेच्या मूळ रूपावरचं पुस्तक १९६७चं. पुढं ते बांगलादेशातल्या मधुपूरच्या गारोंकडे वळले. त्या बोलीवरचं तीन खंडांचं काम २००४ साली आलं, तेव्हा वय पंचाहत्तरीच्या पुढं होतं. दोन वर्षांनी यू. व्ही. जोसेफ यांच्यासोबत बोडो-गारो भाषांच्या तौलनिक ध्वनिविचाराचं पुस्तक म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानातून निघालं. २०१७ साली ते गेले. या कामात ना गाजावाजा, ना फारसे वाचक. मात्र गारो ज्या कुळातली, त्या तिबेटी-बर्मी भाषांचा आज जो काही इतिहास सांगता येतो, तो अशाच माणसांच्या वह्यांवर उभा आहे.

हा इतिहास उभा राहतो कसा, हे एका उदाहरणात पाहता येईल. लिखित तिबेटीत तीनला 'ग्सुम', मिझोत 'पथुम', मणिपूरच्या मैतेईत 'अहुम'. 'स', 'थ' आणि 'ह'. एका शब्दावरून काही सिद्ध होत नाही, म्हणून दुसरा घ्यायचा. 'ठार मारणे' या अर्थाचं भूतकाळी रूप तिबेटीत 'ब्सद्', त्याच अर्थाचा मिझो धातू 'थात' आणि मैतेई 'हात'. (आपल्या हाताशी याचा सुतराम संबंध नाही. असल्या योगायोगांना चाळणी लावणं हेच या शास्त्राचं पहिलं काम.) फळाला मिझोत 'थेइ', मैतेईत 'हेइ'. नियम हाती लागला असं वाटतं, तेवढ्यात 'मरणे' आडवा येतो: मिझोत 'थी', पण मैतेईत 'सी'. लाकडाला मिझोत 'थिंग', सरपणाला मैतेईत 'सिंग'. म्हणजे पुढं 'इ' हा स्वर आला की मैतेईनं जुना 'स' राखला. अपवाद वाटत होता, तोही नियमातच बसला.

या सगळ्यात पोथीचा आधार किती? तिबेटीला सातव्या शतकापासून लिपी आहे, बर्मीला बाराव्या शतकातला म्याझेदी शिलालेख आहे, मैतेईच्या जुन्या पोथ्या आहेत. बाकीच्या शेकडो भाषांना जुनं लेखन नाहीच. मिझो रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली तीच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. त्यामुळं अभ्यासकाला जिवंत माणसाच्या तोंडाकडे पाहण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शेतातली म्हातारी जे बोलते तोच पुरावा, आणि त्याचं वजन शिलालेखाइतकंच.

मराठीचं उलट झालं. आपल्याकडे पोथ्या इतक्या होत्या की माणसांकडे जायची गरजच भासली नाही. ज्यूल ब्लॉक यांचं मराठीच्या घडणीवरचं फ्रेंच पुस्तक मोठं आहे, वा. गो. परांजपे यांनी ते मराठीत आणलं हेही मोठंच काम. पण त्यानंतर मराठीच्या इतिहासाचा रस्ता शिलालेख, लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी असाच जात राहिला आणि आजची बोली वाटेवरची धूळ ठरली. एवढी श्रीमंती नसती तर आपण अधिक चांगले भाषाभ्यासक झालो असतो, असं मला अनेकदा वाटतं.

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं चकलांबा घ्या. गोदावरीच्या पलीकडे पैठण. तिथल्याच एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. याच बीड जिल्ह्यात मुकुंदराजांचं अंबाजोगाई. पोथ्यांचा असा शेजार असलेल्या या मुलखाची बोली मात्र ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणातून सुटली. सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५चा. तो स्टेन कोनो यांनी तयार केला, आणि तिबेटी-बर्मी भाषांच्या तिसऱ्या खंडाचं बरंचसं कामही त्यांचंच. निजामाचं हैदराबाद संस्थान सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होतं, म्हणून बीड राहून गेलं. ब्रह्मदेशही बाहेरच होता. नमुन्यासाठी बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट कोकणापासून वऱ्हाडापर्यंत बोलीबोलीतून सांगवून घेतली गेली, गेवराईच्या वाट्याला ती आली नाही. पुढं अ. मा. घाटगे यांनी १९६३पासून बोलींवर नेटकी पुस्तकं काढली, पण त्यांचा भर कुडाळी, वारली, दक्षिण कानडातली कोकणी, कासरगोडची मराठी असा किनारपट्टीकडे राहिला.

आणि बोलीत काय आहे? बीड-नगरकडे 'माझं' नव्हे, 'मपलं' म्हणतात. तुझं ते 'तुपलं'. 'मपल्या रानात पानी न्हाई' हे वाक्य शाळेत अशुद्ध ठरतं आणि मूल गप्प बसतं. सकृद्दर्शनी ही रूपं 'आपलं'च्या साच्यात ओतलेली दिसतात. तसंच असेल, तर पहिल्या आणि दुसऱ्या पुरुषानं निजवाचकाचा साचा का घेतला? परभणीकडे जाताना हे रूप कुठल्या गावाशी थांबतं? त्याच भागात 'काय करायलास?' असंही विचारतात. यात 'लागणे' झिजून गेला आहे का? बर्लिंग इथं आले असते तर हेच विचारलं असतं, आणि उत्तरासाठी पोथी नव्हे, पार गाठला असता.

गावात पोटापाण्याचीच भ्रांत, तिथं ही चैन कशाला, असं कुणी म्हणेल. पण पोटापाण्याचाच भाषेशी संबंध आहे. बीडची कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, मुलं बरोबर असतात. निम्मं वर्ष फडावर वेगळ्या मराठीच्या, कधी कन्नडच्या शेजारात काढलेल्या मुलाच्या बोलीत काय बदलतं? भाषासंपर्काचा असा अभ्यासविषय दुसरीकडे असता, तर त्यावर प्रबंधांची रांग लागली असती.

खरं तर आपली परंपराही फक्त पोथीची नाही. चक्रधरांच्या आठवणी गोळा करायला म्हाइंभट माणसांकडे गेले, ऐकणाऱ्यांना विचारत फिरले, आणि त्यातून मराठीचं आद्य गद्य उभं राहिलं. आपण लीळाचरित्र वाचतो, म्हाइंभटांची कामाची रीत तेवढी घेत नाही.

डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेसोबत सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली केलेलं बोलींचं सर्वेक्षण हा स्वागतार्ह अपवाद. गावोगावच्या माणसांच्या बोलण्याचे नमुने त्यात ध्वनिमुद्रित आहेत, महाजालावर ऐकताही येतात. याच कॉलेजातले एस. आर. शर्मा यांनी हिमालयातल्या ब्यांगसी आणि रोंगपो या तिबेटी-बर्मी भाषांची व्याकरणं लिहिली, ती २००१ साली ओसाकाहून निघालेल्या संग्रहात आहेत. पुण्यात बसून पिथौरागढच्या सीमेवरची भाषा लिहून होते, तर गेवराई काही फार लांब नाही. सर्वेक्षण मात्र एकदा होऊन संपतं. बर्लिंग तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा गारोंकडे गेले, ती सोय कुठल्या प्रकल्पात नसते. त्यासाठी घरी 'मपलं' म्हणणाऱ्या मुलीला विद्यापीठात कायमची नोकरी लागते. तासिका तत्त्वावरच्या मानधनात ती फार तर पुढच्या सत्राची काळजी करेल.